छोट्या शहरात रस्त्यावरचे फोटो: विचारून काढायचे की न विचारता?

कमानवेस

राम राम मंडळी. मी मिरजेचा. पोटापाण्याला बँक, हौसेला कॅमेरा.

स्ट्रीट फोटोग्राफी शिकवणारे जेवढे म्हणून व्हिडिओ पाहिले, त्या सगळ्यांचा मंत्र एकच: कुणाच्या लक्षात येऊ नका, गर्दीत मिसळून जा, फोटो घ्या आणि पुढे चला. तो फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ म्हणे कॅमेऱ्याच्या चकाकणाऱ्या भागावर काळी पट्टी चिकटवायचा. असेल बाबा. पॅरिसात त्याला कोण ओळखत होतं? इथं लक्ष्मी मार्केटात कॅमेरा डोळ्याला लावायचा अवकाश, भाजीवाल्या मावशी विचारतात, "तू मास्तरांचा धाकटा न्हवं?" तेवढ्यात शेजारच्या दोघी पदर सारखा करून ताठ बसतात, आणि मागनं एक पोरगं दोन बोटं वर करून चौकटीत घुसतं. संपला विषय.

माझं मत असं की विचारलं की फोटो मेला. पण न विचारता काढायचा तर उद्या त्याच मार्केटात पिशवी घेऊन जायचंय. पुण्या-मुंबईच्या लोकांना हा प्रश्नच पडत नाही.

विसर्जन मिरवणूक तोंडावर आली आहे. आमच्याकडची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, रस्त्यावर स्वागत कमानी, गणेश तलावावर ही गर्दी. पुढे उरूस, नवरात्र आहेच. तुम्ही लोक काय करता? लहान गावातल्यांनी आवर्जून लिहा.

पंचगंगाकाठ

मास्तरांचा धाकटा, हे बेस्ट!

आमच्या कोल्हापुरात मावशी इचारत बसत नाहीत. थेट सांगतात, "काढतोयस तर नीट काढ, मागल्या टायमाला डोळं मिटल्यालं आलं हुतं."

एफआठ

पुण्यात राहतो, तरी लिहितो. विचारलं की फोटो मेला हे मला पटत नाही. विचारून लगेच बटण दाबलं की मरतो. विचारा, एक फोटो त्यांच्या मनासारखा काढा, दाखवा, आणि मग तिथेच बसून राहा. ताठ बसायचा कंटाळा माणसाला पाच-दहा मिनिटांत येतो. गिऱ्हाईक आलं की मावशी तुम्हाला विसरल्याच म्हणून समजा.

दुसरं, लांबून मोठ्या झूमने फोटो मारू नका. आपल्याला वाटतं कुणाला कळत नाही. सगळ्यांना कळतं, आणि फोटोतही ते दिसतं. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ३५ मिमीचं भिंग लावा, एफ ८ (म्हणजे भिंगाचं तोंड बारीक) ठेवा, फोकस हाताने तीन मीटरवर लावून टाका. दोन मीटरपासून सात मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं, फोकस शोधण्यात वेळ जात नाही. मग कॅमेरा छातीशी असला तरी चालतो.

मजेमजेत

दहा मिनिटं बसायचं म्हणजे मावशी दोन किलो वांगी गळ्यात मारणार. हा खर्च भिंगाच्या किमतीत धरावा काय?

एफआठ

धरावा. भिंगापेक्षा स्वस्त पडतो.

रानजाई

मी सांगलीत ढोल पथकात वाजवते. धागाकर्त्यांचा प्रश्न मला जरा उलट्या बाजूने दिसतो.

मिरवणुकीत आमच्या समोर पन्नासेक मोबाइल आणि पाच-सहा मोठे कॅमेरे असतात. कोण काय काढतोय ते ढोल कंबरेला असताना बघता येत नाही. संध्याकाळी कुणीतरी मैत्रीण पाठवते: तुझी रील बघ. त्यात पथक नाही, ढोल नाही, ताल नाही. घामाने चिकटलेला कुर्ता, हळू केलेली हालचाल, आणि वर कसलंतरी गाणं. काढणाऱ्याचं नाव मात्र कोपऱ्यात झोकात लिहिलेलं.

हे सगळे लोक "न विचारता काढलेला फोटो जिवंत असतो" हेच सांगतात. बायकांना विचारून बघा एकदा.

सडेतोड

मिरवणूक सार्वजनिक, रस्ता सार्वजनिक. तिथे आलात की फोटो निघणारच. प्रत्येकाला विचारत बसलं तर मिरवणुकीचे फोटो कुणी काढायचेच नाहीत का? रीलवाल्यांचा राग फोटोग्राफरांवर कशाला?

रानजाई

@सडेतोड, मिरवणुकीचे काढा की. त्यात मी आले तर ना नाहीच, उलट चांगला आला तर मलाच हवा असतो. पण मागचे-पुढचे चाळीस जण कापून एकटी मलाच ठेवलंत, तर तो मिरवणुकीचा फोटो उरतो का? हा फरक कॅमेरा हातात असणाऱ्याला कळत नसेल असं मला वाटत नाही.

पंचगंगाकाठ

रानजाईताईंना अनुमोदन. आमच्या तालमीच्या पोरांनी ह्यावर साधा उपाय काढलाय. लेझीम पथकातल्या मुलींचे फोटो काढणारा एकच ठरलेला, त्यांच्यातल्याच एकीचा भाऊ. बाकीचे कॅमेरे दोरीच्या बाहेर. चार शिव्या बसल्या, पण जमलं.

तारीखपेतारीख

कायद्याचं विचारलं नाही कुणी, तरी सवय जात नाही म्हणून लिहितो.

रस्त्यावर, मिरवणुकीत, जत्रेत फोटो काढायला कुणाची लेखी परवानगी घ्यावी असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. सडेतोड म्हणतात ते तेवढ्यापुरतं बरोबर. पण "सार्वजनिक जागा" म्हटलं की सगळं माफ, असंही नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. आणि भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, त्यातलं ७७ वं कलम बाईच्या खासगी क्षणांचं चित्रण करण्याबद्दल आहे, ७८ वं पाठलागाबद्दल. घाटावर अंघोळ करणाऱ्या, कपडे बदलणाऱ्या बायकांचे फोटो "लोकजीवन" म्हणून टाकणाऱ्यांनी हे कलम वाचून ठेवावं. वारीत आणि नदीकाठच्या जत्रांत हा प्रकार फार चालतो.

अवांतर: फोटो काढणाऱ्याचा असतो असं सगळे धरून चालतात. पैसे घेऊन कुणासाठी तरी काढला, आणि वेगळं काही ठरलेलं नसलं, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पहिला मालक फोटो काढून घेणारा. मंडळाने सुपारी दिली असेल तर आधी कागदावर ठरवा, नाहीतर पुढच्या वर्षी तुमचाच फोटो फ्लेक्सवर बघून बोंब मारता येणार नाही.

मजेमजेत

फ्लेक्सवर फोटोग्राफरचं नाव? वाढदिवसाच्या शुभेच्छुकांत छत्तिसावं टाकतील फार तर.

श्टुटगार्टकर

रोचक चर्चा. इथे जर्मनीत माणसाच्या स्वतःच्या चेहऱ्यावरच्या हक्काचा कायदा १९०७ चा आहे. संमतीशिवाय फोटो प्रसिद्ध करता येत नाही. पण गंमत बघा, त्याच कायद्यात सभा आणि मिरवणुकांना सूट आहे, फोटो जमावाचा असेल तर. म्हणजे रानजाई वर जे म्हणाल्या तेच, फक्त शंभरेक वर्षं आधी आणि जर्मन भाषेत.

आमच्या मंडळाच्या गणपतीला मी फोटो काढतो. लहान मुलांचे फोटो आई-बापांच्या होकाराशिवाय ग्रुपवरसुद्धा टाकत नाही. सुरुवातीला आपलेच लोक हसायचे, "काय साहेब झालास काय?" आता त्यांची मुलं शाळेतून तसले फॉर्म भरून आणतात, तेव्हापासून कुणी हसत नाही.

रोलफिल्म

माझं वय झालं, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

आमच्या वेळी आगफा क्लिक थ्री होता. एका रोलवर बारा फोटो. पुढे रोल ओर्वोचे मिळायचे, नाहीतर उटीच्या सरकारी कारखान्याचे इंदू. बारा फोटोंत अख्खी जत्रा बसवायची. तेव्हा "नैसर्गिक" फोटो कुणाला हवा होता? जत्रेत स्टुडिओवाला मागे पडदा टांगायचा, पडद्यावर ताजमहाल नाहीतर विमान, आणि लोक रांगेत उभे राहायचे. बाप इस्त्रीच्या शर्टात, पोराच्या डोक्यावर खोटी टोपी, बायको हात कुठे ठेवावा ते न कळून साडीच्या निऱ्या धरून उभी.

ते ताठ बसलेले फोटो आज काढून बघतो तेव्हा त्यात मला खोटं काही दिसत नाही. माणसाने स्वतःला कसं बघितलं जावं ते ठरवलेलं दिसतं. पदर सारखा करणाऱ्या मावशी तेच करतायत. कमानवेस, तुम्ही त्याला "फोटो गेला" म्हणता. मी म्हणेन तोही काढा. पदरावर हात असतानाच काढा.

कमानवेस

@रोलफिल्म, पदरावर हात असतानाच! हे डोक्यातच आलं नव्हतं. @रानजाई, तुमचं म्हणणं मान्य. माझा प्रश्न मार्केटापुरता होता, मिरवणुकीत नाचणाऱ्या मुलींबद्दल नव्हता, पण दोन्हीची पाळंमुळं एकच आहेत हे खरं. तरी एक शंका उरतेच. भांडण, रडणं, कुणाच्या अंगात येणं, यात विचारायला वेळच नसतो. तिथे काय करायचं?

नवशिका

मध्येच विचारतो, माफ करा. पट्टणकोडोलीच्या यात्रेला जाणार आहे. विठ्ठल-बिरदेवाची. भंडाऱ्याने कॅमेरा खराब होतो असं ऐकलं. माझा नवीन आहे, हप्ते चालू आहेत.

पंचगंगाकाठ

हप्ते चालू हायत? मग घरी ठेव आणि मोबाइल घेऊन जा भावा.

चेष्टा सोडून. तिथं भंडारा उधळतात म्हणजे चिमूटभर नव्हे. पोत्यानं. वरनं खोबरं आणि लोकर. ढोल-कैताळाचा आवाज, शेकडो छत्र्या, आणि देवाचे मानकरी फरांडेबाबा हेडाम (तलवार घेऊन नाच) खेळत निघाले की गर्दी एकदम पुढं सरकते. खोबऱ्याचा तुकडा भिंगावर बसला तर काच फुटायला वेळ लागत नाही, तेव्हा पुढं साधा फिल्टर लाव.

एफआठ

@नवशिका:

भिंग घरूनच लावून जा, तिथे बदलू नका. कॅमेऱ्यावर प्लॅस्टिकची पिशवी, भिंगापाशी रबर, चिकटपट्टी. झूम आत-बाहेर होणारं भिंग हवा ओढतं, हवेबरोबर हळद ओढतं, म्हणून शक्यतो झूम नकोच. परत आल्यावर आधी फुंकणीने हवा मारा, मग मऊ ब्रश. ओल्या फडक्याने पुसायची घाई केलीत की हळदीचा लगदा होऊन बटणांच्या फटीत बसतो, आणि तो मग जन्माचा सोबती.

रंगाचं वेगळंच. सगळीकडे पिवळं दिसलं की कॅमेरा आपल्या मनाने ते "दुरुस्त" करतो आणि भंडारा फिकट, माणसं निळसर. पांढऱ्याचा तोल उन्हावर कायम करा, रॉ मध्ये (कॅमेऱ्याने न बदललेली कच्ची फाइल) काढा.

मजेमजेत

सांगली हळदीची पेठ, जेजुरीत भंडारा, पट्टणकोडोलीत भंडारा. कॅमेरा कंपन्यांचे सेवा केंद्र दक्षिण महाराष्ट्रात का नाहीत हे कोडं आहे.

सडेतोड

आणि मिरवणुकीतल्या लेझरचं कुणी लिहिलं नाही. डीजेच्या गाडीवरून थेट भिंगात आला की सेन्सरवर कायमची रेघ. डोळ्यांनाही तेच. बंदीचे आदेश निघतात, पण गाडीच्या मागे उभं राहणं हाच खरा उपाय. तसंही मागे चांगले फोटो मिळतात. पुढे सगळे मूर्तीचे फोटो काढत असतात, मागे जनरेटरच्या ट्रॉलीत पोरं झोपलेली असतात.

पंचगंगाकाठ

सडेतोड बरोबर बोलला, पहिल्यांदाच! (हलके घ्या.)

मिरवणूक निघायच्या आधी तासभर जा. हलगीवाले कडेला पाला-कागद पेटवून हलगी शेकत असतात. चामडं तापलं की आवाज कडक येतो. एकजण हलगी जाळावर फिरवतोय, दुसरा बोटानं टिचकी मारून कान लावतोय, खालनं जाळाचा उजेड तोंडावर. कमी उजेडासाठी आयएसओ ३२००, एफ २, बस्स. आणि तिथं विचारायची पण अडचण नाही, दोन चहा सांगायचे.

सतारगल्ली

धागा दोन दिवस वाचतोय. मी फोटो काढणारा नाही. माझे फोटो काढतात. म्हणून लिहितो.

आमचं घराणं मिरजेत सतार-तंबोरे बनवणारं. पूर्वज शिकलगार, तलवारींना धार लावायचे. राजे-रजवाड्यांचे दिवस सरत आले तसे वाद्यांकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून कॅमेरे वाढले. आठवड्यात एखादा तरी येतोच. कॉलेजची पोरं, यूट्यूबवाले, परदेशी.

सगळ्यांना हवा असतो तो फोटो एकच: खिडकीतून उजेड, भोपळ्यांची रांग, म्हातारा कारागीर, हातात पटाशी. "चाचा, जरा परत एकदा चालवा ना." चालवतो. लाकूड कापून झालेलं असतं, तरी चालवतो. आणि जवारी, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून आवाज जुळवणं, चालली की सगळे जवळ येतात, कारण ते सगळ्यात नाजूक काम हे त्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं. घोडीवर कानस एक फेर मारायची, तार छेडायची, ऐकायचं, परत एक फेर. त्या फोटोत काय दिसणार? जवारी कानाने होते. फोटोत माणूस नुसता बसलेला दिसतो. माझे वालिद जवारी करताना डोळे मिटायचे. एका साहेबाने सांगितलं, "डोळे उघडे ठेवा, फोटोत झोपल्यासारखे दिसता."

न विचारता काढतात का? नाही, विचारतात. अगदी अदबीने. चहाही घेतात. नंबर घेऊन जातात, "फोटो पाठवतो" म्हणतात. तिथे गोष्ट संपते. पुढे तो फोटो कुठल्या प्रदर्शनात, कुठल्या कॅलेंडरात येतो, कधी नातेवाईक सांगतात तर कळतं. नावाच्या जागी "मिरजेतील एक कारागीर".

तेव्हा कमानवेस, विचारलं की नाही एवढ्यावर तुमची सगळी चर्चा चाललीय, पण आम्हाला त्याचं फारसं काही नाही. फोटो परत आला का, नाव लिहिलं का, हे आम्ही बघतो. तुम्ही गल्लीतलेच दिसता. कधी या. तंबोऱ्याला तारा चढवताना या, ते कुणी काढत नाही.

रोलफिल्म

सतारगल्ली, तुमचा प्रतिसाद वाचून खुर्चीत सावरून बसलो.

श्टुटगार्टकर

वाचनखूण साठवली.

फोटोवाला_तालुका

मी जत भागात स्टुडिओ चालवतो. लग्न, पासपोर्ट, शाळेचं आयकार्ड, जत्रेत फोटो. सतारगल्ली जे बोलले त्याला माझ्या धंद्यातली बाजू जोडतो.

माझ्याकडे महिन्यातून काही वेळा तरी असा माणूस येतो: डोळे लाल, हातात मोबाइल, "आबा गेले. बोर्ड करायचाय. फोटो नाही." भावपूर्ण श्रद्धांजलीचा बोर्ड दुपारपर्यंत चौकात लागला पाहिजे. घरात आबांचा फोटो म्हणजे आधारकार्डावरचा, नाहीतर नातवाच्या बारशात अर्धा चेहरा. मग मी विचारतो, आबा पालखीला यायचे का? जत्रेला? आणि माझ्या हार्डडिस्कवर वर्षवार, गाववार जत्रा ठेवलेल्या असतात त्या उघडतो. पालखीमागे टाळ घेऊन, भंडाऱ्याने पिवळे, तोंड उघडं, हसत असलेले आबा सापडतात. घरचे ते बघून रडायचं थांबतात आणि म्हणतात, "हेच्यात कसं हसल्यात बघ की."

मग मी काय करतो? चेहरा कापतो, हळदीचा पिवळा उतरवतो, पांढरा सदरा आणि टोपी चढवतो, मागे निळं आभाळ. गिऱ्हाईकाला तसंच हवं असतं. पण हल्ली मूळ फोटोची एक चार बाय सहाची प्रत पाकिटात घालून देतो, पैसे न घेता. काही घरात नंतर तीच चौकटीत लागलेली बघितली.

हे आबा मी न विचारता काढलेले होते. विचारलं असतं तर हसले नसते. त्यामुळे कमानवेस, तुमचं म्हणणं साफ चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण फोटो माझ्याकडे आहे हे आख्ख्या गावाला माहीत आहे, आणि मागितला की मिळतो हेही माहीत आहे. म्हणून मला कुणी अडवत नाही. जत्रेत कॅमेरा बघून लोक म्हणतात, "काढ बाबा, कवातरी लागंल."

मजेमजेत

"कवातरी लागंल." माझ्याकडे यावर विनोद नाही.

रानजाई

@फोटोवाला_तालुका, यावर माझं काही भांडण नाही. तुमचं दुकान त्या गावात आहे, तुमचा पत्ता सगळ्यांना माहीत आहे. माझी रील काढणाऱ्याचा मला अजून पत्ता लागलेला नाही.

सडेतोड

ठीक. थोडं मागे घेतो. पण मंडळाला प्रसिद्धी हवीच असते, पथकांनाही. पथकाच्या स्वतःच्या पानावरच तसल्या रील असतात, त्याचं काय?

रानजाई

असतात. त्यावरून आमच्यातच वाद झाले आहेत. म्हणून ते बरोबर ठरतं का?

कमानवेस

थांबा, भांडू नका, धाग्याचा आखाडा होईल.

आणखी एक गोष्ट मनात आहे, ती मिरजकर म्हणूनच बोलतो. २००९ साली गणेशोत्सवात कमानीवरच्या एका चित्रावरून इथे दंगल उसळली, संचारबंदी लागली, लोण सांगली-कोल्हापूर-इचलकरंजीपर्यंत गेलं. तेव्हा मोबाइलवर फोटो आजच्यासारखे पसरत नव्हते, तरी एवढं झालं. आता मिरवणूक दर्ग्याकडच्या रस्त्याने जाते तेव्हा मी काय काढतो, कसं कापतो, खाली काय लिहितो याचं दडपण येतं. माझा एक साधा फोटो, कमानीखाली उभे असलेले दोन पोलीस आणि मागे मशिदीचा मिनार, एका ग्रुपवर भलत्याच मजकुरासकट फिरताना दिसला. मी टाकलेल्या ओळीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

तारीखपेतारीख

फोटोवर तारीख, जागा आणि आपलं नाव ठळक टाका. कापला तरी काहीतरी मागे राहील असं टाका. मूळ फाइल जपून ठेवा, तक्रार करायची वेळ आली तर तीच उपयोगी पडते. आणि मिरवणुकीच्या रात्री काहीही टाकू नका. सकाळी, चहा पिऊन, शांत डोक्याने.

सतारगल्ली

कमानवेसभाऊंनी विषय काढलाच म्हणून. ज्या दर्ग्याच्या उरुसाला पहिला गलेफ (कबरीवरची चादर) चर्मकार समाजाचा मानाचा असतो, जिथं अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे आणि दरवर्षी त्यांच्या नावाने गाण्याची मैफल होते, त्या दर्ग्याचे फोटो शोधून बघा. घुमट मिळतील, कबुतरं मिळतील. गलेफ घेऊन येणारी मंडळी, रात्री गाणं ऐकत बसलेले लोक, हे किती मिळतात? दंगलीचा फोटो फिरवणारे फिरवणारच. दुसरा फोटो कुणी काढून ठेवला तरच तो दाखवता येईल ना.

पंचगंगाकाठ

लाख बोललात. कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसवतात, कडेगावला ताबुतांच्या भेटीला आख्खा तालुका येतो. त्यातले जे फोटो वर्तमानपत्रात येतात ते दरवर्षी तेच, त्याच गच्चीवरनं काढल्यालं. खाली उतरून कुणी काढत नाही. ताबूत बांधताना रात्री कोण कोण असतं, कोण बांबू धरतं, हे बघायला पायजे.

इचलकरंजीला कर्नाटकी बेंदराला बैलाकडनं कर (वर बांधलेलं तोरण) तोडतात त्याचं पण तसंच. सगळ्यांना बैल उडी मारतानाचा फोटो हवा. बैलाला सकाळी रंगवणारी पोरं सोडूनच देतात.

नवशिका

बैलाला विचारून काढायचा का?

मजेमजेत

बैल नाही म्हणाला तर कळतं. लगेच.

एफआठ

मूळ प्रश्नाकडे येऊ. कमानवेस यांनी वर विचारलं होतं, रडणं, अंगात येणं, तिथे काय? माझं उत्तर: बाईच्या अंगात आलं असेल, केस सुटले असतील, तर मी कॅमेरा खाली घेतो. ती शुद्धीवर आल्यावर तिला तो फोटो दाखवायची माझी छाती होणार नाही, म्हणून. पण हे सगळ्यांना लागू करा असं म्हणत नाही. छायाचित्रकार संदेश भंडारे यांनी तमाशाचे फोटो काढले ते फडाबरोबर राहून, फिरून. तेवढं सोबत राहिलं की काय काढायचं, काय नाही, हे विचारायची गरज उरत नसावी. माझ्यासारखा रविवारी जाऊन सोमवारी परतणारा माणूस ती सूट घेऊ शकत नाही.

रोलफिल्म

सुधारक ओलवे यांचंही तसंच. मुंबईच्या सफाई कामगारांत वर्षानुवर्षं जाऊन काढलेले फोटो. २०१६ ला पद्मश्री मिळाली त्यांना. मूळचे अकोल्याचे, म्हणजे आपल्यासारख्याच गावातून गेलेले.

फोटोवाला_तालुका

एक सोपी गोष्ट सुचवतो, कमानवेस. गेल्या वर्षीच्या मिरवणुकीचे फोटो असतील ना? त्यातले तीस-चाळीस निवडा, चार बाय सहात छापून घ्या, एखाद्या मंडळाच्या मंडपात दोरी बांधून कपड्याच्या चिमट्यांनी लावा. खाली पाटी: "आपला फोटो ओळखा आणि घेऊन जा." मी गावच्या जत्रेत करतो. पहिल्या रात्री निम्मे जातात. ज्याचा फोटो गेला नाही तो कोण, हे लोकच सांगतात, नाव-पत्त्यासकट. ज्याला आवडला नाही तो काढून खिशात घालतो, मग तो फोटो मी पुन्हा कुठे वापरत नाही. परवानगीचा फॉर्म म्हणाल तर तोच.

रानजाई

हे आवडलं. मुलींच्या फोटोंपुरती एक सूचना: ते दोरीवर लावू नका, नाहीतर भलताच कुणीतरी "ओळखून" घेऊन जाईल. पाकिटात घालून पथकाकडे द्या.

फोटोवाला_तालुका

बरोबर. पाकिटात.

कमानवेस

चला, मंडळाच्या अध्यक्षांशी बोललो. दोरी आणि चिमटे मंडळाचे, छपाई माझी. त्यांची अट एक: पहिला फोटो त्यांचा. कबूल केलंय.

मार्केटातल्या मावशींचे तीन छापले. दोन ताठ बसलेले, एक पदरावर हात असतानाचा. @रोलफिल्म, त्यांनी ताठ बसलेला घेतला. दुसरा उलटून बघितला आणि म्हणाल्या, "हा ऱ्हाऊ दे तुला."

@सतारगल्ली, रविवारी सकाळी येऊ का? भिंग एकच आणतो. पटाशी चालवायला सांगणार नाही.

सतारगल्ली

या. दहानंतर या, त्याआधी पॉलिशचा वास असतो. मागच्या वेळी काढून नेलेल्यांपैकी कुणी ओळखीचं असेल तर त्यांनाही घेऊन या, फोटो घेऊन.

पंचगंगाकाठ

मी येतो. कोल्हापूरहून पॅसेंजरनं. चहाचं माझ्याकडं.

नवशिका

छपाईला कागद कुठला घ्यावा, चकचकीत की मॅट?

फोटोवाला_तालुका

मॅट. मंडपात हातोहात फिरणार, चकचकीतवर बोटांचे ठसे उठतात. आणि मागे बॉलपेनने नाव लिहिता येतं का ते लॅबमध्येच बघून घ्या, काही कागदांवर शाई टिकत नाही.